वरून दिसणारं हिरवं



डिसेंबर 2024 मध्ये देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण या सरकारी संस्थेचा अहवाल आला. देशाच्या 21.76 टक्के भूभागावर वनाच्छादन आहे, आणि वनाबाहेरची झाडं त्यात धरली तर 25.17 टक्के, असं त्यात म्हटलं होतं. साधारण दर दोन वर्षांनी असा एक आकडा येतो. पेपरात चार ओळी छापून येतात, कुणी म्हणतं हिरवाई वाढली, कुणी म्हणतं कुठे वाढली, आमच्या गावचा डोंगर तर बोडका झाला. मग दोन वर्षं सगळे गप्प.

1988 च्या राष्ट्रीय वनधोरणात देशाची एक तृतीयांश जमीन वनांखाली किंवा झाडांखाली असावी असं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते "33 टक्के" भूगोलाच्या तासाला मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिलं. पण हे टक्के नक्की मोजतात कसे, हे पुस्तकात नव्हतं. निवृत्तीनंतर वेळच वेळ. वाचत गेले तसा एक छान इतिहासच हाती लागला. आज तोच तुम्हाला सांगते. थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवातीला एक शब्द समजून घेऊ. रानात उभं राहून वर पाहिलं की फांद्या आणि पानं एकमेकांत मिसळून छप्पर झालेलं दिसतं. त्याला पर्णछत्र म्हणतात. या छपराबद्दल तीन प्रश्न विचारता येतात. ते किती दाट आहे? किती उंच आहे? आणि त्याच्याखाली किती मजले आहेत? आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या जुन्या देवराईत शिरलात तर हे मजले डोळ्यांनी दिसतात. वर उंच वाढलेली जुनी झाडं, त्यांच्या सावलीत मधल्या उंचीची, त्याखाली झुडपं, अगदी खाली रोपं आणि पालापाचोळा, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या गारंबीसारख्या जाडजूड वेली. उपग्रहावरून जंगल मोजण्याचा सारा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरं एकेक करून मिळवण्याचा इतिहास आहे. पहिल्याचं उत्तर लवकर मिळालं. बाकीच्या दोघांसाठी फार थांबावं लागलं. आणि गंमत अशी, की आपला सगळा हिशेब अजून पहिल्या उत्तरावरच चालला आहे.

आपल्याकडची सुरुवात उपग्रहानं नाही, तर हेलिकॉप्टरनं झाली. साल 1970 च्या आसपासचं. केरळात नारळाच्या झाडांना मूळकूज रोग लागला होता आणि बागाच्या बागा वाळत होत्या. प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर या बागांचे फोटो घेण्याचा प्रयोग केला. (पिशारोटी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. भारतातल्या दूरसंवेदनाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात.) अवरक्त म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. निरोगी पान हा प्रकाश भरपूर परतवतं, त्यामुळे त्या फिल्मवर धडधाकट झाड लालभडक दिसतं आणि आजारी झाड फिकं. झाडावर न चढता, त्याला हात न लावता त्याची तब्येत कळू शकते, हे आपल्या लोकांनी तेव्हा पाहिलं.

त्याच सुमारास अमेरिकेत व्हर्जिनिया नॉरवूड नावाच्या बाई एक यंत्र बनवत होत्या. 1927 चा त्यांचा जन्म, एमआयटीतून पदवी, आणि नोकरी ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीत. पृथ्वीवरच्या जमिनीचा अभ्यास करणारा पहिला नागरी उपग्रह पाठवायचं ठरत होतं. त्यावर मुख्य मान टीव्हीच्या तंत्रावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा होता. नॉरवूड बाईंचं यंत्र वेगळं होतं. त्यात एक आरसा सेकंदाला तेरा वेळा इकडून तिकडे हलायचा आणि खालची जमीन पट्ट्यापट्ट्यानं टिपायचा, तीही चार वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत: हिरवा, लाल आणि दोन अवरक्त. अंतराळात हलता आरसा म्हणजे नसती भानगड, असं पुष्कळांना वाटत होतं. म्हणून हे यंत्र केवळ प्रयोग म्हणून सोबत न्यायचं ठरलं.

23 जुलै 1972 ला उपग्रह उडाला. यालाच पुढे लँडसॅट-1 हे नाव मिळालं. काही आठवड्यांतच मुख्य कॅमेरे विजेच्या बिघाडानं बंद करावे लागले, आणि नॉरवूड बाईंचा आरसा मात्र वर्षानुवर्षं हलत राहिला. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे 80 मीटर. त्यात एकटं झाड दिसणं शक्यच नव्हतं. पण दर 18 दिवसांनी तोच उपग्रह त्याच जागेवर परत यायचा. जगातल्या कुठल्याही जंगलाची अशी नियमित हजेरी त्याआधी कुणी घेतली नव्हती. नॉरवूड बाई 2023 मध्ये गेल्या. त्यांना "लँडसॅटची आई" म्हणत.

आता चित्रं आली, पण त्यांतून पानांचा अंदाज कसा काढायचा? इथे टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले जॉन राऊझ आणि त्यांचे सहकारी येतात. 1973 च्या सुमारास ते अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांवर काम करत होते. त्यांनी लावलेली युक्ती सातवीच्या मुलालाही समजेल. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश खातं, कारण त्यावरच त्याचं अन्न शिजतं. अवरक्त प्रकाश त्याच्या कामाचा नाही, तो पान परतवून लावतं. मग अवरक्तातून लाल वजा करा आणि दोघांच्या बेरजेनं भागा. समजा दाट हिरवाईतून अवरक्त 50 भाग परतला आणि लाल 5 भाग. वजाबाकी 45, बेरीज 55, उत्तर साधारण 0.82. उघड्या मातीवरून अवरक्त 30 आणि लाल 25 परतला तर 5 भागिले 55, म्हणजे जेमतेम 0.09. बेरजेनं भागल्यामुळे ऊन कमी-जास्त असलं तरी उत्तर फारसं बिघडत नाही. या आकड्याला एनडीव्हीआय म्हणतात. आज आपल्याकडे दुष्काळाचा अंदाज घेताना किंवा पिकाची स्थिती पाहताना हाच आकडा वापरतात.

पण लक्षात घ्या, ही युक्ती गवतासाठी निघाली होती. जंगलाला ती लावली की एका मर्यादेनंतर ती थकते. जमिनीच्या एका चौरस मीटरवर तीन-चार चौरस मीटर पानं झाली, की पुढे कितीही पानं वाढोत, आकडा फारसा हलत नाही. वरच्या पानांनीच लाल प्रकाश खाऊन टाकलेला असतो, खालच्या मजल्यावर काय चाललंय याचा पत्ता वर लागत नाही. दहा वर्षांची दाट लागवड आणि दोनशे वर्षांचं रान या हिशेबात शेजारी शेजारी बसतात.

आता आपल्या देशात येऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेनं लँडसॅटची चित्रं घेऊन भारताच्या जंगलाचा नकाशा केला. निष्कर्ष असा, की 1972 ते 75 या काळात देशाच्या 16.89 टक्के भूभागावर जंगल होतं आणि 1980 ते 82 मध्ये ते 14.10 टक्के उरलं. म्हणजे सात-आठ वर्षांत 90 लाख हेक्टरहून जास्त जंगल गेलं! साहजिकच खळबळ माजली. तोवर कागदोपत्री वनखात्याच्या ताब्यातली जमीन म्हणजे जंगल, असा हिशेब असायचा. त्यावर झाड आहे की नाही, हे उपग्रहानं पहिल्यांदा दाखवलं.

पुढे 1987 मध्ये भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल आला. त्यात 1981 ते 83 च्या लँडसॅट चित्रांवरून जंगल निघालं सुमारे साडेएकोणीस टक्के. उपग्रह तोच, वर्षंही जवळपास तीच, आणि उत्तरात पाच टक्क्यांचा फरक! दोन्ही संस्थांना एकत्र बसून मेळ घालावा लागला. फरक पडला तो मुख्यतः कशाला जंगल म्हणायचं आणि चित्र कसं वाचायचं यावरून. तेव्हा ही चित्रं संगणक वाचत नव्हता. माणसं खालून दिवा लावलेल्या टेबलावर फिल्म ठेवून पेन्सिलीनं हद्दी आखत होती. एकाला जे विरळ रान वाटलं ते दुसऱ्याला माळरान वाटलं असणार. उपग्रह फक्त रंग दाखवतो. त्याला जंगल हे नाव खालचा माणूस देतो.

1987 च्या त्या नकाशाची आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याचं प्रमाण होतं एकास दहा लाख, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर एक मिलिमीटर. त्यात 400 हेक्टरपेक्षा लहान जंगल दाखवताच येत नव्हतं. 400 हेक्टर म्हणजे दोन किलोमीटर लांब आणि दोन रुंद, कागदावर जोंधळ्याच्या दाण्याहूनही लहान ठिपका. आपल्या बहुतेक देवराया काही एकरांच्या. त्या नकाशात त्यांना जागाच नव्हती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया प्रत्यक्ष फिरून पाहिल्या, त्यांची नोंद केली आणि त्यावर लिहिलं. त्याच दशकात वरून उपग्रह फिरत होता, पण त्याच्या नकाशात त्या उमटल्या नाहीत. पायी फिरणाऱ्यांनाच त्या दिसल्या.

पुढे नजर सुधारत गेली. 17 मार्च 1988 ला आपला स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए रशियन रॉकेटवरून गेला. 1995 अखेरीस आयआरएस-1सी गेला. 2001 च्या वन अहवालासाठी साडेतेवीस मीटरचा ठिपका असलेली चित्रं वापरली गेली, पूर्ण देशाचं वाचन पहिल्यांदा संगणकावर झालं आणि एक हेक्टरपर्यंतचं जंगल नकाशात येऊ लागलं. आता देवराई दिसण्याजोगी झाली.

पण नजर सुधारली तशी व्याख्याही पसरट झाली. आजची व्याख्या अशी आहे: एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा, जिच्यावर पर्णछत्राची घनता दहा टक्के किंवा जास्त आहे, ती वनाच्छादित. जमीन कुणाची, झाडं कुठली, याचा प्रश्न नाही. 70 टक्क्यांच्या वर अतिघनदाट (हा वर्ग 2003 च्या अहवालापासून आला), 40 ते 70 मध्यम दाट, 10 ते 40 विरळ. फळबागा, बांबू, ताडामाडाची झाडंही यात येतात, हे अहवालातच लिहिलेलं असतं. लपवाछपवी काही नाही.

पण याचा अर्थ काय होतो ते बघा. रत्नागिरीची हापूसची बाग, सिंधुदुर्गातली काजूची बाग, दोडामार्गाकडचा रबराचा मळा, निलगिरीची लागवड, आणि शेजारची जुनी देवराई, सगळ्यांच्या पुढे एकच खूण: वनाच्छादित. देवराई तोडून तिथे काजू लावला आणि तो चांगला वाढला, तर काही वर्षांनी टक्केवारीच्या रकान्यात काही गेलेलं दिसणार नाही. मला आंबा-काजूबद्दल राग नाही. कोकणातली घरं त्यावर चालतात. पण बाग ती बाग आणि रान ते रान, एवढं तर कोकणातलं शाळकरी पोरही सांगेल. हजेरीपटावर 95 टक्के उपस्थिती दिसली म्हणून वर्गाला किती येतं ते कळत नाही, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. घनतेचा आकडा ही हजेरी आहे.

तर मग उंची आणि मजले कसे मोजायचे? त्यासाठी प्रकाश वरून न्यावा लागतो. उपग्रहावरून लेझरचा एक ठोका खाली सोडायचा. तो आधी शेंड्याच्या पानांवर आपटतो आणि थोडा परततो, उरलेला फटींतून खाली जातो, मधल्या पानांवरून थोडा परततो, शेवटी जमिनीवरून. पहिला आणि शेवटचा परतावा यांच्यातला वेळ मोजला की झाडाची उंची मिळते. वेळ केवढा? एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो. जाऊन-येऊन धरलं तर पंधरा सेंटिमीटर उंची. इतक्या बारीक घड्याळानं हे मोजायचं! आणि मधे कुठल्या उंचीवरून किती प्रकाश परतला, हे कागदावर काढलं की जंगलाचे मजलेच दिसतात. लागवडीत सगळी झाडं एका वयाची, तेव्हा वर एकच उंचवटा येतो आणि खाली मोकळं. जुन्या रानात शेंड्यापासून जमिनीपर्यंत पानंच पानं.

ही कल्पना जुनी आहे. मेरिलंड विद्यापीठाचे राल्फ डुबाया यांच्या नेतृत्वाखाली असा उपग्रह पाठवायला नासानं 1997 मध्येच मान्यता दिली होती. ती मोहीम रखडली आणि शेवटी रद्द झाली. 2003 मध्ये आइससॅट नावाचा लेझर उपग्रह गेला, पण तो बर्फाची जाडी मोजायला. त्याच्या मोजणीतून झाडांचीही उंची काढता येते हे लक्षात आल्यावर मायकेल लेफ्स्की यांनी 2010 मध्ये जगभरच्या जंगलांच्या उंचीचा पहिला नकाशा काढला. म्हणजे जंगलाच्या उंचीचा पहिला जागतिक नकाशा मिळाला तो बर्फासाठी केलेल्या यंत्राकडून.

डुबाया मात्र थांबले नाहीत. त्यांचं यंत्र शेवटी 5 डिसेंबर 2018 ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे रवाना झालं. त्याचं नाव जेडाय. पहिल्या मंजुरीपासून एकवीस वर्षं! सेकंदाला 242 ठोके सोडणारे तीन लेझर, आणि प्रत्येक ठोक्याचा जमिनीवर पंचवीस मीटर रुंदीचा गोल. ते सलग चित्र काढत नाही, ठिकठिकाणी नमुने घेतं, शितावरून भाताची परीक्षा करावी तसं. मग मधली जागा लँडसॅटच्या चित्रांवरून भरतात. अशा रीतीनं तीस मीटरच्या ठिपक्याचा जगाच्या वृक्ष-उंचीचा नकाशा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च 2023 मध्ये दुसऱ्या यंत्राला जागा हवी म्हणून जेडाय स्थानकाच्या अडगळीत ठेवलं होतं, एप्रिल 2024 मध्ये ते पुन्हा कामाला लागलं.

लेझरलाही अडचणी आहेत. ढगातून तो जात नाही. शिवाय आपल्या सह्याद्रीसारख्या तीव्र उतारावर एकाच गोलात वरची जमीन आणि खालची जमीन दोन्ही येतात, मग परतावा पसरतो आणि शेंडा कुठला नि माती कुठली, याचा घोळ होतो. ढगांची अडचण साध्या कॅमेऱ्यालाही असते. म्हणूनच आपल्याकडे वन अहवालासाठी पावसाळा संपल्यावरची, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रं घेतात. तेव्हा आकाश निरभ्र असतं आणि सागासारख्या पानझडी झाडांची पानंही अजून टिकून असतात. हीच चित्रं एप्रिलमध्ये घेतली तर निम्मा विदर्भ उजाड दिसेल.

ढगाला उपाय म्हणजे रडार. रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात. लहर पाच-सहा सेंटिमीटरची असेल तर ती वरच्या पानांवरूनच परत फिरते. चोवीस सेंटिमीटरची फांद्यांपर्यंत उतरते. सत्तर सेंटिमीटरची थेट खोडांपर्यंत पोचते. 29 एप्रिल 2025 ला युरोपचा बायोमास नावाचा उपग्रह अशी सत्तर सेंटिमीटरची लहर घेऊन गेला. आणि 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून निसार उडाला. नासा आणि इस्रो यांचा मिळून केलेला उपग्रह, नासाची चोवीस सेंटिमीटरची लहर आणि इस्रोची त्याहून आखूड. त्याची जाळीदार छत्री बारा मीटर व्यासाची आहे. दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहायची, पावसाळ्यातसुद्धा, अशी त्याची योजना आहे. हेलिकॉप्टरमधून नारळाचे फोटो काढण्यापासून इथवर यायला पंचावन्न वर्षं लागली.

आता मूळ प्रश्नाकडे. घनतेबरोबर उंची आणि मजलेही मोजता येण्याचे दिवस आले आहेत. तरी टक्केवारी काढण्याची व्याख्या तीच आहे: एक हेक्टर, दहा टक्के. ही व्याख्या उपग्रहाला ज्या काळात फक्त छप्पर दिसत होतं त्या काळाला शोभणारी होती. आज ती बदलायला यंत्राची अडचण उरलेली नाही. बदलली तर आकडा कदाचित खाली येईल, आणि खाली आलेला आकडा कुठल्याच सरकारला आवडत नाही. पण वन तोडायची परवानगी देताना, बदली लागवड झाली म्हणून समाधान मानताना, हाच आकडा पुढे केला जातो. रान गेलं आणि त्याच्या जागी एकाच जातीची रांग आली, तर तेवढंच परत मिळालं असं म्हणायचं का, हा खरा प्रश्न आहे. झरे, मधमाशा, धनेश पक्षी यांना टक्केवारी कळत नाही. त्यांना मजले लागतात.

लेझरही सगळं सांगत नाही म्हणा. कुठलं झाड कुठल्या जातीचं, ते कुणी राखलं, गावानं तिथली काडीसुद्धा का उचलली नाही, हे वरून दिसत नाही. त्यासाठी अजूनही कुणीतरी टेप आणि वही घेऊन चालत जावं लागतं, आणि वरच्या मोजणीचा खरेखोटेपणाही तेच लोक तपासतात.

तेव्हा मंडळी, पुढचा अहवाल येईल आणि पेपरात हिरवाई वाढल्याची बातमी दिसेल, तेव्हा आनंद जरूर माना. पण त्यातला अतिघनदाट वनाचा रकाना वेगळा शोधून वाचा. तो वाढला की घटला, आणि आपल्या जिल्ह्यात किती आहे, ते बघा. आणि तुमच्या गावाला देवराई असेल तर पोराबाळांना एकदा तरी तिथे घेऊन जा, छपराखालचे मजले मोजायला लावा. नातवंडांना हा गृहपाठ आवडतो, असा माझा अनुभव आहे.

असो. लेख लांबला. पुढच्या वेळी काहीतरी छोटं लिहीन.